माप कुणाचं घेतलं?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं : घरात, शेतात, रस्त्यावर रोज हाताळायची कुठली वस्तू तुमच्या अंगाला बसत नाही? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सर्वांत जास्त पत्रं आली आणि त्यातल्या बहुतेकांनी तक्रारीवर न थांबता ‘मग करायचं काय, तेवढं सांगा’ असं विचारलं. ही उत्तरं त्यांच्यासाठी. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली : ‘माझीच उंची कमी’, ‘माझ्याच हातात जोर नाही’. हे आम्हाला मान्य नाही. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट आहे. पाच फुटांच्या बाईला जी वस्तू जड जाते, ती वस्तूच चुकीच्या मापानं बनली आहे. पुढचं वाचताना शिंप्याची टेप हाताशी असू द्या.

प्रश्न : कराडजवळ घर बांधतोय. गवंडी म्हणतात ओटा तीन फुटांचाच असतो. माझी उंची चार फूट अकरा इंच, सासूबाईंचीही तेवढीच, मिस्टर पाच फूट आठ. सध्याच्या भाड्याच्या घरात ओटा तीन फुटांचाच आहे आणि पोळ्या होईपर्यंत माझे खांदे भरून येतात. गवंड्याला नेमकी उंची किती सांगू?

उत्तर : आकडा सांगण्याआधी कोपर मोजा. घरात सपाता घालत असाल तर त्या घालून सरळ उभ्या राहा, दंड अंगालगत ठेवून हात काटकोनात वाकवा आणि कोपराच्या हाडापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजलं की माप चुकतं. तुमच्या उंचीला ते साधारण ३७ इंच भरेल. ओट्याचा सगळा हिशेब या ३७ मधून वजाबाकी करून होतो.

चिरणं, निवडणं, सोलणं ही हलकी कामं कोपराच्या तीन-चार इंच खाली सोयीची पडतात, म्हणजे ३३ ते ३४ इंचांवर. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना वरून अंगाचा भार घालावा लागतो, म्हणून त्यासाठी सहा इंच खाली, ३१ इंच. सगळे फसतात ते शेगडीपाशी. शेगडीजवळ तुमचा हात ओट्यावर नसतो, शेगडीवरच्या भांड्यात असतो. ३६ इंचांचा ओटा, त्यावर पाच इंचांची शेगडी, म्हणजे तवा गेला ४१ इंचांवर, कोपराच्या चार इंच वर. आठ इंचांचा कुकर ठेवलात तर त्याचं झाकण ४९ इंचांवर, थेट खांद्याच्या रेषेत. प्रत्येक पोळी उलटताना दंड अंगापासून उचलून धरावा लागतो आणि वीस-पंचवीस पोळ्या होईपर्यंत तो खाली येतच नाही. खांदे भरतात ते यामुळे.

म्हणून एकाच पातळीचा ओटा करू नका. शेगडीचा भाग २९ ते ३० इंच, चिरण्या-मळण्याचा भाग दोन्हींच्या मधला, ३२ इंच आणि सिंकची कड ३४ ते ३५ इंच ठेवा. सिंक उंच ठेवायचं कारण त्याचा तळ सात-आठ इंच खोल असतो, भांडी घासताना हात तळाशी जातात आणि कंबर वाकते. पातळी जिथं बदलते त्या जोडात पाणी मुरतं, तिथं उभ्या बाजूला ग्रॅनाइटची अखंड पट्टी लावून घ्या. पातळ्या करायच्या नसतील तर पूर्ण ओटा ३२ इंचांचा करून ग्रॅनाइटमध्ये बसवायची शेगडी, म्हणजे हॉब घ्या. त्याची जाळी दगडाच्या जेमतेम दोन इंच वर राहते. हॉबची खाच मात्र हॉब घरात आल्यावरच कापायला सांगा, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. खाचेचे कोपरे गोलसर हवेत. काटकोनात कापले की ग्रॅनाइटला तिथूनच तडा जातो. पुढच्या कडेला किमान अडीच इंच दगड शिल्लक राहिला पाहिजे.

आता गवंडी कुठं चुकतात ते. फरशी बसायच्या आधीच ओट्याच्या भिंती उभ्या राहतात आणि माप कोब्यापासून, म्हणजे फरशीखालच्या थरापासून धरलं जातं. पुढं माल आणि फरशी मिळून दोन-अडीच इंच चढतात आणि ओटा तेवढा बुटका होतो. काही जण हे टाळायला अंदाजे तीन इंच वाढवून ठेवतात आणि मग तो उंच होतो. ‘तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या अंगापर्यंत इतके इंच’ असं कागदावर लिहून द्या आणि भिंतीवर खडूनं रेघ मारून घ्या. दुसरी चूक पायाशी होते. ट्रॉल्यांची दारं ओट्याच्या कडेला टेकतील अशी पुढं आणली तर पायाचे पंजे अडतात, माणूस लांब उभं राहतं आणि कमरेतून पुढं झुकतं. तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच खोल खाच सोडायला सांगा. रोजच्या डब्यांची सर्वांत वरची फळी जमिनीपासून पाच फूट चार इंचांच्या वर नको, कारण मध्ये दोन फूट रुंद ओटा असतो आणि त्यावरून हात पोचवायचा असतो.

तीन फूट हा आकडा सांगायला सोपा आहे. अमेरिकेतल्या ओट्याची ठरलेली उंचीही तीच, ३६ इंच. पण तिथल्या बाईची सरासरी उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास आहे. आपल्याकडे चूल, विळी, पाटा सगळं जमिनीवर होतं. उभ्याचा ओटा आला तेव्हा इथल्या बाईचं कोपर कुणी मोजलं नाही.

मिस्टर स्वयंपाक करत असतील (करत असावेत अशी आमची मनापासून इच्छा आहे), तर त्यांच्यासाठी तीन इंच जाडीचा लाकडी ठोकळा चिरायला ठेवा. बुटका ओटा असा चढवता येतो, उंच ओटा उतरवता येत नाही. म्हणून दोन उंचींची माणसं असतील तिथं माप कमी उंचीच्या माणसाचं धरा. भाड्याच्या घरात तोवर दोन गोष्टी करा. परात ओट्यावर ठेवू नका, २८ ते ३० इंचांच्या टेबलावर घ्या किंवा खाली बसून मळा. शेगडीसमोर उभं राहायला फळी घालायची असेल तर ती तीन इंच उंच आणि ओट्याच्या पूर्ण लांबीची हवी, खाली रबर लावलेली. हातभर रुंदीचा पाट ठेवला तर गरम तेल हातात असताना पाय कडेवरून घसरतो.

प्रश्न : मी सहा फुटांचा. मलाही ओटा बसत नाही, एसटीत गुडघे पुढच्या सीटला टेकतात. मग यात स्त्री-पुरुष भेद कुठून आला? (शिक्षक, मिरज)

उत्तर : सर, तुमचे गुडघे अडतात हे खरं आहे आणि एकच सरासरी धरून वस्तू बनवली की दोन्ही टोकांची माणसं अडचणीत येतात, हेही खरं. पण सरासरी कुणाची धरली, ते बघा. मोटारीच्या धडक-चाचणीत जगभर वापरला जाणारा बाहुला १९७६ चा आहे : उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, बांधा पुरुषाचा. बाईच्या नावानं जो वापरतात तो दीड मीटर उंचीचा आणि ४९ किलोचा, आणि तोही पुरुषाचाच बाहुला लहान करून काढलेला. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा बाहुला स्वीडनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पुढं आणला. मधल्या काळात काय झालं ते २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात दिसतं. समोरून झालेल्या धडकेत पट्टा लावलेल्या स्त्रीला गंभीर दुखापत होण्याचा संभव पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त निघाला.

ओटा वापरतं कोण, तर बहुतेक घरांत बाई. भांगलण करतं कोण? बाई. तरी ओट्याचं आणि खुरप्याच्या मुठीचं माप तिचं नाही. तुमची अडचण उंचीची आहे. तिची अडचण अशी की तिच्याच कामाच्या वस्तूसाठी तिला कुणी मोजलंच नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, गाड्या बायकांनी भरल्या, आणि डोक्यावरचा दांडा होता तिथंच आहे. पाच फुटांच्या बाईला तो धरायला टाचा उचलाव्या लागतात, म्हणजे ब्रेक लागताच तोल जाणारच. अशा वेळी वरच्या दांड्याच्या नादी न लागता सीटच्या पाठीवरची मूठ किंवा उभा खांब धरावा आणि पाय गाडीच्या दिशेनं एक पुढं, एक मागं ठेवावा.

प्रश्न : सातारा-पुणे मी स्वतः गाडी चालवते. उंची चार फूट अकरा. पाय पोचायला सीट पुढं घेतली की स्टिअरिंग छातीला येतं आणि पट्टा गळ्याला घासतो.

उत्तर : क्रम असा ठेवा. आधी सीटची उंची वाढवा, म्हणजे समोरचं दिसायला पुढं झुकावं लागणार नाही. मग क्लच पूर्ण दाबून गुडघा थोडा वाकलेला राहील इतकीच सीट पुढं घ्या. आता छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत टेप लावा. किमान १० इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर हवेत, कारण एअरबॅग उघडते ती पहिल्या काही इंचांत सर्वांत जोरानं. कमी भरत असेल तर सीट तशीच ठेवून पाठ थोडी मागं कलती करा आणि स्टिअरिंग खाली घ्या. पट्ट्याचा खांबावरचा टेकू खाली सरकवता येत असेल तर तो खाली घ्या. पट्टा खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे. गळ्याला घासतो म्हणून काखेखालून घेऊ नका, धडकेत बरगड्या मोडतात. गरोदरपणात खालचा पट्टा पोटाखालून, मांडीच्या सांध्यावर बसवा. पाठीमागं मऊ उशी नको, ती दाबली जाते आणि पट्टा सैल पडतो. गाडी घ्यायची असेल तर सीट वर-खाली होते का आणि स्टिअरिंग नुसतं खाली-वर न होता मागं-पुढंही सरकतं का, हे शोरूममध्ये बसून बघा. खंबाटकीच्या चढात क्लचशी झटापट करताना हे दोन खटके रंगापेक्षा फार मोलाचे ठरतात.

प्रश्न : गाडीवर मागं साडीत एका अंगानं बसते. मुलानं मोटारसायकलचं साडी गार्ड काढून टाकलंय, ‘दिसायला बरं नाही’ म्हणून. (कोरेगाव)

उत्तर : ते आजच परत बसवून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम यासाठीच आहे. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडा अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं आवरण असलंच पाहिजे. एका अंगानं बसणाऱ्याला रुंद पट्टीचा लेडीज फूटरेस्ट लागतो. त्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. बोटांवर तोललेले पाय खड्ड्यात निसटतात. पदर पुढं घेऊन कमरेला खोचा, ओढणीची गाठ मागं न मारता पोटापाशी मारा. शक्य त्या दिवशी पाय दोन्हीकडे टाकून बसा, कारण एका अंगानं बसल्यावर सगळं वजन डावीकडे जातं आणि वळणावर चालवणाऱ्याला ते सावरावं लागतं.

हेल्मेट घेताना भुवईच्या वर एक बोट सोडून डोक्याचा घेर मोजा. बायकांचा तो बऱ्याचदा ५४ ते ५६ सेंटिमीटर भरतो आणि दुकानदार हातात ५८ चं देतो. अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, वर उचललेलं राहतं. केसांची वेणी किंवा मानेपाशी सैल बांधणी हवी. पट्टा लावून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर न फिरता मागं राहिलं तर ते मोठं आहे.

प्रश्न : पलूस तालुक्यात आमचा महिला बचत गट आहे. अवजार बँक काढायची आहे : फवारणी पंप, विळे, सायकल कोळपी, हातमोजे. दुकानदार सगळ्यांना एकाच मापाचं देतो. काय बघून घ्यावं?

उत्तर : पंपापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथं होतं. पाठीवरच्या बॅटरी पंपाची टाकी १६ लिटरची असते. पाणी १६ किलो, पंप पाच-सहा किलो, म्हणजे २१-२२ किलो. पन्नास किलोच्या बाईच्या पाठीवर तिच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भार, आणि तो चिखलातून चालताना. टाकी दहा लिटरच भरा, भार पंधरा-सोळा किलोवर येतो. बॅटरी जुन्या शिशाची असेल तर तीच अडीच किलोच्या आसपास असते. लिथियमची घेतलीत तर दीडेक किलो वाचेल.

पण दहा लिटर भरलं की औषधाचा हिशेब बदलतो आणि ही चूक हमखास होते. दुकानात ‘पंपाला ३२ मिली’ असं सांगतात, ते १६ लिटरला असतं. मात्रा लिटरला दोन मिली असेल तर दहा लिटरला २० मिलीच. तेच ३२ मिली दहा लिटरमध्ये ओतलं तर औषध दीडपटीहून जास्त कडक होतं, पीक करपतं आणि फवारणारीच्या अंगावरही तेवढंच कडक उडतं. गटाच्या प्रत्येक पंपावर रंगानं दहा लिटरची रेघ ओढा आणि ‘पंपाला किती’ हे विचारणंच बंद करा. विचारायचं ते ‘लिटरला किती’.

पंप निवडताना पट्टे बघा. खांद्यावर ते दोन इंच रुंद आणि गादी असलेले हवेत. सर्वांत आवळून लावल्यावर टाकी पाठीला घट्ट टेकली पाहिजे. बहुतेक पट्टे आवळूनही सैल राहतात, टाकी कमरेखाली लोंबते आणि बाई पुढं झुकून तोल सांभाळते. कमरेचा पट्टा असलेला पंप मिळाला तर तोच घ्या, कारण मग निम्मा भार खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरतो. नसेल तर मोची दोन इंची नायलॉन पट्टा शिवून देईल. हातपंपाचा दांडा वापरणार असाल तर टाकी पाठीवर घेऊन दांडा खालीवर करून बघा. कोपर खांद्याच्या वर जात असेल तर तो पंप बाद.

हातमोज्यांचं माप असं घ्या. अंगठा सोडून तळहाताचा घेर, बोटांच्या मुळाशी. १८ सेंटिमीटर भरला तर ७ नंबर, २० भरला तर ८, २३ भरला तर ९. दुकानात ९ आणि १० पडलेले असतात. सैल मोज्याची बोटं पुढं लोंबतात, झाकण फिरवताना पकड सुटते आणि मनगटाकडून औषध आत उतरतं. नायट्रिलचे घ्या, कापडी अजिबात नकोत. साडी औषध शोषून घेते आणि दिवसभर कातडीला लावून ठेवते, म्हणून पुढं-मागं दोन्हीकडे झाकणारा प्लॅस्टिकचा एप्रन हवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणीच्या कामावर लावूच नका, मजुरी दुसऱ्या कामाची द्या.

विळ्याची मूठ परीक्षेनं घ्या. मूठ वळल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेऱ्यावर आला पाहिजे. बायकांच्या हाताला साधारण तीन सेंटिमीटर जाडीची मूठ बसते. जाड मुठीवर बोटं पूर्ण वळत नाहीत आणि तेवढीच पकड राखायला सबंध हाताला ताण पडतो. कापणीला दातेरी विळा बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा याच जातीचा. तो मारायचा नसतो, ताटं मुठीत धरून ओढायचा असतो. मारला की दाते वाकतात. दगडावर घासूनही धार लावायची नाही, दाते झिजून तो साधा विळा होतो. ऊसतोडीला याचा उपयोग नाही, तिथं कोयताच लागतो.

सायकल कोळप्याची मूठ चालवणारीच्या बेंबीच्या वर आणि कोपराच्या खाली आली पाहिजे. हँडलला एकच भोक असतं. वेल्डिंगवाल्याकडून दोन-दोन इंचांवर आणखी तीन भोकं पाडून घ्या, म्हणजे एक कोळपं चार जणींना बसेल. पास, म्हणजे पातं, नऊ इंची नको, सहा इंची घ्या. फेऱ्या वाढतात, पण ढकलायचा जोर कमी लागतो आणि काम दुपारपर्यंत निभतं. बायकांच्या मापानं अवजारं तपासण्याचं काम भुवनेश्वरची केंद्रीय कृषिरत महिला संस्था १९९६ पासून करते आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनंही अशी अवजारं बनवली आहेत. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करताना ‘महिलांसाठीची अवजारं’ असं नाव घेऊनच विचारा. काहीही घेण्याआधी गटातली सर्वांत बुटकी आणि सर्वांत उंच अशा दोघींना दुकानात न्या.

प्रश्न : सांगलीत ऑफिसात एसी २० वर असतो. आम्ही तिघी शाल घेऊन बसतो, बाकीच्यांना घाम येतो.

उत्तर : इमारतीत किती गार ठेवायचं याचं गणित १९६० च्या दशकात बसलं, तेव्हा शरीराच्या उष्णतेचा आकडा चाळिशीतल्या, ७० किलोच्या पुरुषाचा धरला होता. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की तो आकडा स्त्रीच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघतो. एसी २४ ते २६ वर ठेवा आणि पंखे चालू करा. ज्यांना घाम येतो त्यांच्या डोक्यावर पंखा, तुमच्या डोक्यावर बंद. एसीची पट्टी वर छताकडे वळवा, थेट मानेवर येणारा झोत सर्वांत जास्त बोचतो.

प्रश्न : जत तालुक्यातल्या आमच्या शाळेत मुलींसाठी तीन आणि मुलांसाठी तीन शौचालयं, म्हणजे कागदावर समान. पण मुली २०० आहेत आणि मधल्या वीस मिनिटांत रांग संपत नाही. बऱ्याच मुली घरून निघाल्यावर पाणीच पीत नाहीत. ग्रामपंचायत पैसे देईल. किती बांधावीत, कशी बांधावीत? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)

उत्तर : खोल्या समान असल्या की न्याय झाला असं वाटतं, पण मोजायची असते वेळ. मुलीला कपडे सावरून, कडी लावून, बाहेर यायला मुलाच्या दीड ते दोन पट वेळ लागतो. पाळी असेल तर आणखी. शिवाय मुलांच्या बाजूला तेवढ्याच जागेत मुताऱ्या जास्त मावतात. आता हिशेब करू. सुट्टीत निम्म्या मुली, म्हणजे १०० जणी जाणार. प्रत्येकीला दीड मिनिट धरलं तर १५० मिनिटं लागतात. सुट्टी वीस मिनिटांची. १५० भागिले २०, साडेसात, म्हणजे आठ जागा. आज तीन जागांत वीस मिनिटांत चाळीसच जणी जाऊन येतात, उरलेल्या साठ जणी तशाच वर्गात बसतात. पाणी न पिण्याचं मूळ इथं आहे.

केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेच्या निकषात दर ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या धरल्या आहेत. तुमच्या २०० मुलींना पाच शौचालयं आणि पंधरा मुताऱ्या होतात. पैसे कमी असतील तर आधी दोन शौचालयं वाढवून सहा मुताऱ्या बांधा, पण प्रत्येक मुतारीला आडभिंत आणि दार हवं. उघड्या मुतारीत मोठ्या मुली जात नाहीत आणि ती जागा वाया जाते. बांधकाम होईपर्यंत पाचवी-सातवी आणि आठवी-दहावीची सुट्टी वेगवेगळी करा. एका वेळी पन्नास जणी आल्या तर आजच्या तीन जागांत चाळीस जणी जाऊन येतात, साठऐवजी दहाच उरतात आणि याला खर्च काही नाही.

खोली तीन फूट बाय चार फुटांहून लहान नको. दाराला बाहेरून कडी लावूच नका. बाहेरून कोंडण्याची भीती मुलींना आत जाऊ देत नाही. आतली कडी तीन फुटांवर, म्हणजे पाचवीतल्या मुलीचाही हात पोचेल. ओढणी आणि सलवार अडकवायला साडेचार फुटांवर भक्कम खुंटी, आणि पॅड ठेवायला साडेतीन फुटांवर कडप्प्याची छोटी फळी, पाणी उडणार नाही अशा बाजूला. हे दोन्ही नसलं की मुलगी कपडे दातात धरते. नळ प्रत्येक खोलीत, बाहेर एक ड्रम ठेवून चालत नाही. खिडकीची खालची कड सहा फुटांच्या वर आणि मैदानाकडे तोंड नको. फरशीचा उतार भांड्याकडे असावा. तो दाराकडे गेला की पाणी बाहेर येतं, आणि मग मुख्याध्यापक त्या खोलीला कुलूप घालतात. झाकणाचा डबा आतच हवा, बाहेर सर्वांसमोर नको. पॅड जाळायची भट्टी घेणार असाल तर ८०० अंशांच्या वर तापणारीच घ्या. साध्या मडक्याच्या भट्टीत पॅडचं प्लॅस्टिक अर्धवट जळतं आणि विषारी धूर वर्गात शिरतो.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते. तिथं ‘शौचालय दुरुस्ती’ असा मोघम ठराव न करता वरचा हिशेब, जागांची संख्या आणि खुंटी-फळीसकट मापं ठरावातच लिहून घ्या. ठरावात नसलेली खुंटी ठेकेदार लावत नाही.

प्रश्न : साताऱ्यात एकटी राहते, वय ६८. सिलिंडर हलवता येत नाही.

उत्तर : घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो आणि लोखंड साधारण पंधरा-सोळा किलो, म्हणजे तीस किलो. ते तुम्हीच काय, कुणीच एकट्यानं उचलू नये. चार चाकांची सिलिंडर ट्रॉली आणा आणि पोचवायला येणाऱ्याकडून टाकी ट्रॉलीवरच ठेवून घ्या. एजन्सीत दहा किलोच्या कंपोझिट टाकीची चौकशी करा. तिच्या नुसत्या टाकीचं वजन लोखंडीच्या जवळपास निम्मं असतं. टाकी आडवी पाडून लोळवत नेऊ नका.

प्रश्न : वाईला शिवणकाम करते. कुर्त्याला खिसा लावला की कुर्ता एका बाजूला ओढला जातो आणि कट उघडा पडतो. गिऱ्हाइकं आता खिसा मागतातच.

उत्तर : मागू द्या, हा त्यांचा हक्क आहे. आपल्या आज्या चंची कमरेला लावूनच वावरायच्या. शिवलेल्या कपड्यात मात्र ती जागा कुणी ठेवली नाही.

फोन साधारण साडेसहा इंच लांब आणि तीन इंच रुंद असतो. खिशाचं तोंड सहा इंच ठेवा, कारण आत हात जायला हवा. तोंडाखाली पिशवीची खोली सात इंच, रुंदी सात इंच. बाजूच्या शिलाईत कमरेच्या रेषेपासून अडीच इंच सोडून तोंड सुरू करा, म्हणजे ते साडेआठ इंचांवर संपेल. कट त्याच्या खाली किमान अर्धा इंच सोडून, नऊ इंचांवर सुरू झाला पाहिजे. तुमचा कट सात-आठ इंचांवर सुरू होत असेल तर आधी तो खाली घ्या, खिशाचं तोंड लहान करू नका. पिशवीची खालची बाजू कटाच्या रेषेपासून एक इंच आत वळवून कापा, नाहीतर चालताना अस्तर बाहेर डोकावतं.

ओढ बसते ती पिशवीचं वजन नुसत्या बाजूच्या शिलाईवर टांगलं जातं म्हणून. पिशवीच्या वरच्या कोपऱ्याला अर्धा इंच रुंद सुती पट्टी जोडा आणि ती बाजूच्या शिलाईतूनच वर काखेपर्यंत घालून तिथं पक्की करा. फोनचं वजन मग त्या पट्टीवर जातं. सलवारीला किंवा पँटला खिसा असेल तर तीच पट्टी नेफ्यात घ्या. तोंडाच्या मागं बक्रमची पाऊण इंची पट्टी ठेवा आणि दोन्ही टोकांना मागं-पुढं टाके मारून घट्ट करा, फाटायला सुरुवात तिथूनच होते. अस्तर पॉपलीनचं घ्या. सॅटिन आणि जॉर्जेट निसरडं असतं, फोन वर सरकतो. तोंडाशी दोन इंच कुर्त्याचंच कापड जोडा, म्हणजे अस्तर दिसत नाही. दोन खिशांना ३६ इंच पन्ह्याचं ४० सेंटिमीटर कापड पुरतं.

पहिला कुर्ता झाला की खिशात फोन आणि किल्ल्या घालून गिऱ्हाइकाला वाकायला, जिना चढायला आणि दुचाकीवर बसायला सांगा. बसताना फोन मांडीखाली येत असेल तर पुढच्या कुर्त्यात पिशवी एक इंच पोटाकडे तिरपी कापा.